‘होऊन जाईल’ म्हणजे नेमकं कोण करणार?

नमस्कार,

मी न्यू जर्सीत एडिसनला असते. सीपीए आहे, म्हणजे इथली सीए, बारा वर्षं स्वतःची छोटी प्रॅक्टिस चालवतेय. साडेतीनशेच्या आसपास वैयक्तिक टॅक्स रिटर्न्स आणि चाळीसेक लहान धंद्यांचं बुककीपिंग. इथं टॅक्सच्या सीझनपुरती माणसं मिळेनात, म्हणून दोन वर्षांपूर्वी रिटर्न्स तयार करायचं काम पुण्याला माझ्या मावसभावाकडे दिलं. कोथरूडला त्याचं सात जणांचं ऑफिस आहे. कागदपत्रं आम्ही ईमेलने पाठवतो, घाई असली तर व्हॉट्सॲपवर. पैसे दर रिटर्नमागे ठरलेले.

पहिलं वर्ष छान गेलं. तिथली एक मुलगी इतकी हुशार की मला काही सांगावंच लागायचं नाही. सगळं तिच्या वहीत असायचं. ती या फेब्रुवारीत सोडून गेली आणि सगळी घडी विस्कटली. नवीन मुलं काही विचारतच नाहीत. फोन केला की, ‘हो ताई, होऊन जाईल.’ एप्रिलमध्ये रात्री एक-एक वाजेपर्यंत मीच त्यांचं काम तपासत बसले होते. तरी गेल्या दोन महिन्यांत माझ्या सहा शिक्षक क्लायंटना स्टेटच्या नोटिसा आल्या. पगाराचा आकडाच चुकीचा! मी भावाला म्हटलं, अरे, एवढं तरी कळायला हवं ना?

नवरा म्हणतो, काम परत आण. एका मोठ्या कंपनीचं हैदराबादहून कोटेशन आलंय, ते भावापेक्षा स्वस्त आहे. पण भावाला नाही कसं म्हणू? लहानपणी मावशीनेच मला सांभाळलंय. क्लायंटना मी अजून पुण्याचं काही सांगितलेलं नाही, उगीच घाबरतील. परदेशी काम देणं हे माझ्यासारख्या लहान माणसाला झेपणारं नाहीच का?

— एक वाचक, एडिसन

ताई,

तुमचा प्रश्न शेवटच्या ओळीत आहे, पण मी दचकलो ते त्याच्या आधीच्या वाक्याला. क्लायंटना सांगितलेलं नाही, हे तुम्ही इतक्या सहज लिहिलंय की तुमच्या लक्षात आलेलं दिसत नाही. भाऊ, मावशी, हैदराबाद हे सगळं नंतर बघू. आधी हे.

अमेरिकेच्या करकायद्यात कलम ७२१६ आहे. तुम्ही सीपीए आहात, नाव ऐकलेलं असणारच. करदात्याची माहिती अमेरिकेबाहेरच्या माणसाला रिटर्न तयार करण्यासाठी द्यायची, तर करदात्याची लेखी संमती आधी घ्यावी लागते. आधी म्हणजे पहिला कागद पुण्याला जायच्या आधी. मागची तारीख घालून ती घेता येत नाही. १०४० हा वैयक्तिक रिटर्नचा फॉर्म भरणाऱ्यांसाठी त्या संमतीचा मजकूर कसा असावा हेही आयआरएसने, म्हणजे अमेरिकेच्या करखात्याने, ठरवून दिलंय: माहिती कुणाला जाणार, कशासाठी जाणार, आणि ती देशाबाहेर जाणार हे स्पष्ट शब्दांत. मुदत लिहिली नसेल तर संमती एक वर्ष चालते. शिवाय सोशल सिक्युरिटी नंबर झाकूनच पाठवायचा. दोन्हीकडे पुरेशी सुरक्षाव्यवस्था असेल आणि तसं संमतीत नमूद असेल तरच त्यातून सूट. हे न पाळता जाणूनबुजून किंवा बेफिकिरीने माहिती दिली तर तो फौजदारी गुन्हा आहे: एक हजार डॉलरपर्यंत दंड, एक वर्षापर्यंत कैद. कलम ६७१३ खाली दिवाणी दंड वेगळा, प्रत्येक वेळच्या माहितीमागे २५० डॉलर.

तुम्ही भावाला जे म्हणालात, ते मी तुम्हाला म्हणणार नाही. पण मागच्या दोन सीझनचं काय करायचं, हे या आठवड्यात तिथल्या वकिलाला विचारा. पुढच्या सीझनचं सोपं आहे. दर जानेवारीला तुम्ही क्लायंटना कागदपत्रांची यादी पाठवता, तिच्याबरोबर संमतीपत्र पाठवा. वेगळ्या कागदावर, एंगेजमेंट लेटरच्या, म्हणजे कामाच्या करारपत्राच्या, पोटात दडवून नाही. आणि घाबरतील कोण? एडिसनचे तुमचे क्लायंट! ओक ट्री रोडवर भाजी घेणाऱ्या निम्म्या माणसांच्या भाचे-पुतण्यांनी पुण्या-हैदराबादेत हेच काम केलेलं असतं. दहा-पंधरा जण नको म्हणतील, त्यांची रिटर्न्स तुम्ही घरी करा.

आता तो व्हॉट्सॲप. डब्ल्यू-२ चा, म्हणजे क्लायंटच्या वर्षभराच्या पगाराच्या दाखल्याचा, फोटो व्हॉट्सॲपवर गेला म्हणजे तो सात जणांच्या फोनवर गेला, आणि सोडून गेलेल्या मुलीच्या फोनवर तो आजही आहे. कागद पुण्याला पाठवूच नका, पुण्याच्या माणसांना तुमच्या मशीनवर बोलवा. तुमच्या नावावरचा रिमोट डेस्कटॉप घ्या. प्रत्येकाचं लॉगिन वेगळं, फोनवर कोड आल्याशिवाय आत जाता येणार नाही, प्रिंट बंद, पेन ड्राइव्ह बंद, फाइल खाली उतरवणं बंद. मुलगा सोडून गेला की पाच मिनिटांत त्याचं दार बंद करता येतं. तुमचं टॅक्स सॉफ्टवेअर त्याच मशीनवर ठेवा. ‘पुण्याच्या ऑफिसचा पासवर्ड’ असा एकच पासवर्ड असेल तर आजच बदला. एफटीसी या अमेरिकन सरकारी संस्थेचा ग्राहकांच्या माहितीच्या सुरक्षेचा नियम, सेफगार्ड्स रूल, तुम्हालाही लागू आहे आणि त्यात स्पष्ट आहे की सेवा देणारा नीट पारखून घ्यायची आणि नंतरही त्याच्यावर लक्ष ठेवायची जबाबदारी तुमची.

भावावर अविश्वास म्हणून नाही सांगत. २००५ साली आमच्या पुण्यातल्याच एका कॉल सेंटरमधल्या काही जणांनी अमेरिकन बँकेच्या ग्राहकांशी गोड बोलून त्यांचे पिन काढून घेतले आणि साडेतीन लाख डॉलरच्या आसपास रक्कम वळवली. कुणी संगणक फोडला नव्हता. माहिती हाताशी होती, एवढंच. त्यानंतर वर्षभर आम्ही या धंद्यातली माणसं परदेशी पाहुण्यांना कागद-पेनाशिवायचे हॉल दाखवत फिरत होतो.

बरं. आता शिक्षकांकडे येऊ, कारण तुमच्या पत्रातली खरी गोष्ट ती आहे.

तुम्ही लिहिलंय, ‘इतकी साधी गोष्ट’ असल्यासारखं. साधी नाही हो ती. न्यू जर्सीच्या शिक्षकाचा डब्ल्यू-२ त्या मुलाच्या नजरेने बघा. बॉक्स १ मध्ये फेडरल करासाठी धरलेला पगार. बॉक्स १६ मध्ये स्टेटच्या करासाठी धरलेला पगार. दोन्हीकडे पगार एकाच माणसाचा, एकाच शाळेचा, एकाच वर्षाचा, आणि बॉक्स १६ चा आकडा काही हजारांनी मोठा. का? कारण न्यू जर्सी ४०१(के) या निवृत्तीच्या बचत योजनेत टाकलेली रक्कम पगारातून वगळू देते, पण शिक्षकांच्या तशाच ४०३(बी) योजनेतली नाही, आणि पेन्शनसाठी कापलेलीही नाही. ज्याने हे माहीत नसताना तो कागद पाहिला, त्याला एकच वाटणार: टायपिंगची चूक आहे. सज्जन मुलगा असेल तर तो ती ‘सुधारणार’. बॉक्स १ चा आकडा दोन्हीकडे घालणार. एकाच मुलाच्या हातून सहा शिक्षकांत सहा वेळा तेच झालं असेल, तर तो निष्काळजी नव्हता. निष्काळजी माणूस एका ठिकाणी चुकतो आणि दुसऱ्या ठिकाणी नशिबाने बरोबर येतो. हा विचार करून, सातत्याने, प्रामाणिकपणे चुकला.

म्हणजे त्याने फरक पाहिला होता. त्याला प्रश्न पडला होता. फक्त तो तुमच्यापर्यंत आला नाही.

परदेशी काम देण्याबद्दल मला जे काही सांगायचंय ते एवढंच आहे: काम किती आलं हे मोजू नका, प्रश्न किती आले ते मोजा. प्रश्न थांबले की समजा, तिकडे कुणीतरी तुमच्या वतीने अंदाज बांधू लागलंय.

आणि प्रश्न का थांबले? तुमच्या पत्रातच तीन कारणं आहेत. एक, ‘एवढं तरी कळायला हवं ना?’ हे वाक्य तुम्ही भावाला म्हणालात, भाऊ ते ऑफिसात म्हणाला असणार, आणि त्या दिवसापासून सातही जणांना कळलं की ताईंना प्रश्न विचारला की आपण मूर्ख ठरतो. दोन, दर रिटर्नमागे पैसे. प्रश्न विचारला की रिटर्न अडकतं, अडकलं की त्या आठवड्याचा आकडा पडतो, आकडा पडला की भावाचं बिल कमी होतं. अंदाज मात्र फुकट असतो. तीन, प्रश्न विचारायचा कधी? तुम्ही जाग्या असता तेव्हा ते झोपलेले.

मी स्वतः या चिखलात उतरून आलोय. २००० नंतरच्या पहिल्या वर्षांत पुण्यात एका बॅक ऑफिसमध्ये अमेरिकन विमा कंपनीचे क्लेम्स बघणारी टीम माझ्याकडे होती. नियम असा, की शंका आली तर क्लेम पेंडिंगला टाकायचा, आम्ही तिकडे प्रश्न पाठवणार, उत्तर आलं की पुढे. उत्तम नियम. पण रोजच्या रिपोर्टात पेंडिंगचा आकडा लाल रंगात जायचा आणि मुलांचा इन्सेंटिव्ह मी त्याच आकड्याला बांधला. मीच बांधला, दुसऱ्या कुणी नाही. तीन महिन्यांत पेंडिंग जवळजवळ शून्यावर आलं. क्लायंटने केक पाठवला, आम्ही फोटो काढले. चौथ्या महिन्यात तिकडच्या एका बाईंच्या लक्षात आलं की ‘इतर’ या कोडखाली क्लेम्सचा ढीग साचलाय. शंका आली की मुलं ‘इतर’ दाबत होती. एकही नियम मोडला नव्हता त्यांनी. तो केक आजही माझ्या घशात अडकलेला आहे.

‘होऊन जाईल’ बद्दलही थोडं. आपल्या बोलण्यात कबुलीच्या पायऱ्या आहेत, आणि तेवीस-चोवीस वर्षांचं पोर फोनवर त्या नेमक्या वापरतं. ‘करतो’ म्हणजे करतो. ‘बघतो’ म्हणजे मला माहीत नाही, पण ताईंसमोर कसं म्हणू. ‘करून टाकतो’ म्हणजे घाईत करणार. आणि ‘होऊन जाईल’ यात करणाराच नाही! पावसासारखं ते आपोआप होणार आहे. तुम्ही मराठी आहात, ओहायोतल्या सीपीएला हे ऐकू येणार नाही, तुम्हाला यायला हवं. ‘होऊन जाईल’ ऐकलं की लगेच, आवाज न चढवता विचारा: कोण करतंय, आणि त्याला त्यात अडलंय कुठे? अडलंय का, असं विचारू नका. उत्तर ‘नाही’ येणार हे ठरलेलं असतं. अडलंय कुठे, असंच विचारा.

आता ती हुशार मुलगी. तुम्हाला वाटतं पहिलं वर्ष चांगलं गेलं आणि दुसरं बिघडलं. मला उलट वाटतं. पहिल्या वर्षी तुम्हाला तुमच्या पद्धती कागदावर उतरवायची गरजच पडली नाही, कारण तिने त्या स्वतःच्या वहीत उतरवल्या. कुठल्या क्लायंटचा मुलगा कॉलेजला आहे, कुणाचे न्यूयॉर्कच्या ऑफिसचे दिवस वेगळे मोजायचे, कुणाचं आधी न्यूयॉर्कचं नॉनरेसिडेंट रिटर्न करून मगच न्यू जर्सीत त्या कराचं क्रेडिट घ्यायचं. हे सगळं तुमचं ज्ञान होतं. ते तुमच्या डोक्यातून तिच्या वहीत गेलं आणि वहीबरोबर दाराबाहेर गेलं. तुम्ही तिला थेट मेसेज करत असणार, भावाला मध्ये न घेता. सगळेच करतात, कारण सोयीचं असतं.

मग करायचं काय? दिवाळी झाली की सुरू करा. जानेवारीत बसलात तर काही होणार नाही.

एक प्रश्नवही काढा. साधी शेअर केलेली शीट, तुमच्याच मशीनवर. प्रश्न, कुणाला पडला, कुठल्या फाइलवर, तुमचं उत्तर, आणि शेवटचा रकाना: हे उत्तर यापुढे सगळ्यांना लागू की या एकाच क्लायंटला. सगळ्यांना लागू असेल तर ते त्याच दिवशी नियमावलीत जाणार. नियमावली लिहायला वेगळं बसू नका, कुणाचीच ती पुरी होत नाही. प्रश्नवहीतूनच ती आपोआप भरते. दोन ओळींचा नमुना देतो. प्रश्न: ‘डब्ल्यू-२ मध्ये बॉक्स १६ हा बॉक्स १ पेक्षा जास्त आहे, कुठला घेऊ?’ उत्तर: ‘न्यू जर्सीसाठी बॉक्स १६ च घ्यायचा, बदलायचा नाही. शिक्षक आणि हॉस्पिटलवाले यांच्यात हे नेहमी दिसेल. दोन स्टेट्सच्या ओळी असतील तर थांबा आणि मला विचारा.’ तुमचा मिनिटभर गेला असता. नोटिसा, सुधारित रिटर्न्स आणि सहा क्लायंटची माफी यांत किती गेला ते तुम्हीच मोजा.

प्रश्न विचारणाऱ्याचे पैसे कापले जाणार नाहीत असं बिल बांधा. मी तुमच्या जागी असतो तर दर रिटर्नचा भाव थोडा खाली आणून वरती महिन्याची ठरावीक रक्कम दिली असती, बारा महिने, आणि बुककीपिंगचं काम त्याच माणसांना दिलं असतं. फेब्रुवारी ते एप्रिल काम आणि नंतर शुकशुकाट असेल तर हुशार माणूस पुढच्या फेब्रुवारीपर्यंत तुमची वाट का बघेल? तुमची ती मुलगी त्यामुळेच गेली असेल तर मला नवल वाटणार नाही.

आणि उलट तपासणी ठेवा. ज्या रिटर्नवर एकही प्रश्न आला नाही ते पूर्ण तपासायचं. ज्यावर तीन प्रश्न आले ते वरवर पाहिलं तरी चालेल. पहिल्या महिन्यात मुलांना हे विचित्र वाटेल, मग प्रश्नांचा पाऊस पडेल. काही प्रश्न खरोखर बावळट असतील. त्यांनाही उत्तर द्या, आणि ‘हे मागे सांगितलं होतं’ असं लिहू नका, नियमावलीतली ओळ दाखवा.

फोनची वेळ तुमच्या सकाळी आठची ठेवा. हिवाळ्यात पुण्यात तेव्हा संध्याकाळचे साडेसहा वाजलेले असतात. मार्चच्या दुसऱ्या रविवारी तुमची घड्याळं पुढे जातात, आमची नाही, आणि तोच फोन साडेपाचला येतो. बरोबर ऐन सीझनमध्ये, एस-कॉर्प प्रकारच्या कंपन्या आणि पार्टनरशिप यांच्या रिटर्न्सच्या १५ मार्चच्या तारखेच्या आसपास, दोन-चार दिवस सगळ्यांच्या वेळा चुकतात. तो सोमवार आधीच कॅलेंडरवर लिहून ठेवा. तुमच्या रात्री नऊचे फोन बंद करा, ते इथं सकाळी लवकर होतात आणि अर्धवट झोपेतला माणूस ‘हो’ शिवाय काही म्हणत नाही. त्यांना रात्री उशिरापर्यंत थांबवूही नका. महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुकाने आणि आस्थापना कायद्यात रात्री साडेनऊनंतर स्त्रियांना कामावर ठेवायचं तर त्यांची संमती, सुरक्षितता आणि घरी सोडायची सोय लागते. तो कायदा मोठ्या ऑफिसांसाठी आहे, पण सात जणांच्या ऑफिसातल्या मुलीलाही रात्री अकराला कोथरूडहून हडपसर तितकंच लांब असतं.

कॅलेंडरचं निघालंच आहे तर हेही बघा. मुदतवाढ घेतलेल्या एस-कॉर्प आणि पार्टनरशिपची तुमची तारीख १५ सप्टेंबर, वैयक्तिकची १५ ऑक्टोबर. भारतात टॅक्स ऑडिटची नेहमीची तारीख ३० सप्टेंबर. भावाचं ऑफिस इथल्या क्लायंटचंही काम करत असेल तर सप्टेंबरात तुमच्या फाइली कुणाच्या टेबलावर असतात, ते विचारा. त्यात गणपती. २०२४ मध्ये १५ सप्टेंबर रविवारी आला म्हणून तुमची तारीख १६ ला गेली, आणि १७ ला अनंत चतुर्दशी होती. त्या दिवसांत पुण्यातली मुलं ऑफिसात येतील असं ज्याने गृहीत धरलं, तो पुण्यात राहिलेला नसणार. तुम्ही राहिलेल्या आहात.

कुठलं काम द्यायचं, यातही थोडी उलटापालट करा. तुमच्या क्लायंटांत भारतात एफडी, पीपीएफ, म्युच्युअल फंड असलेले बरेच असणार. बँकेचं व्याजाचं प्रमाणपत्र एप्रिल ते मार्च, तुम्हाला हवं जानेवारी ते डिसेंबर. तिमाहीचे आकडे काढून वर्ष जुळवणं, सगळ्या खात्यांची वर्षातली कमाल शिल्लक शोधून एफबारसाठी, म्हणजे परदेशी खात्यांच्या अहवालासाठी, दहा हजार डॉलरची मर्यादा ओलांडली का ते पाहणं, सहकारी बँकेच्या मराठी पासबुकातल्या नोंदी लावणं, ही कामं कोथरूडची मुलं तुमच्यापेक्षा चांगली करतील. पण त्या म्युच्युअल फंडावर अमेरिकेत कर कसा लागतो, क्लायंटला काय सांगायचं, रिटर्नवर सही करायची की नाही, हे तुमच्याच टेबलावर राहू दे.

सगळं बदलायच्या आधी रंगीत तालीम घ्या. संमती मिळालेल्या क्लायंटची मागच्या वर्षीची दहा-बारा रिटर्न्स निवडा, त्यात दोन शिक्षक, दोन न्यूयॉर्कला जाणारे, एक भाड्याचं घर असलेला. तयार उत्तर न दाखवता नवीन मुलांना करायला सांगा आणि तुमच्या अंतिम प्रतीशी ताडून बघा. आकडे कुठे चुकले त्यापेक्षा कुठे थांबून विचारलं ते बघा.

हैदराबादच्या कोटेशनबद्दल थोडक्यात, कारण ते माझ्यासमोर नाही. मोठी कंपनी म्हणजे वाईट नव्हे. तिच्याकडे सॉक २ चा, म्हणजे माहितीच्या सुरक्षेच्या बाहेरच्या तपासणीचा, टाइप २ अहवाल असेल, तो मागा. टाइप १ एका दिवसाची व्यवस्था दाखवतो, टाइप २ काही महिने ती प्रत्यक्षात चालली का हे दाखवतो. दर महिन्याला किमान किती तासांचं बिल येणारच, ते बारीक अक्षरांत शोधा. स्वस्त दर बहुधा तिथं महाग होतो. तुमचं काम करणारी दोन माणसं कोण, त्यांच्याशी वीस मिनिटं बोलू देता का, हे विचारा. नाही म्हणाले तर ‘इतर’ कोडवाली माझी टीम आठवा. पण प्रश्नवही नसेल तर हैदराबादलाही शिक्षकांचा बॉक्स १६ तसाच चुकेल, फक्त तिथं तुम्ही कुणाला ‘अरे’ म्हणू शकणार नाही. म्हणून माझा सल्ला: एक सीझन भावाकडेच, नव्या पद्धतीने. मे महिन्यात पुन्हा बघा.

त्यासाठी भावाशी कागद करावा लागेल. मावशीने सांभाळलं म्हणून कागद नको, असं वाटत असेल तर उलट विचार करा. कागद नाही म्हणून प्रत्येक चूक घरगुती भांडण होतेय. काम काय, दर काय, माहितीची गुप्तता, माणूस बदलला तर किती दिवस आधी कळवायचं, आणि वेगळं व्हायचं ठरलं तर साठ दिवस काम हातात देत-घेत राहायचं, एवढं चार पानांत बसतं. एक कलम मात्र वकिलाकडून नीट लिहून घ्या. ‘वाद झाल्यास न्यू जर्सीचं कोर्ट’ असं घालून निश्चिंत होऊ नका. भारताच्या दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ४४अ खाली अमेरिका येत नाही, त्यामुळे तिथल्या कोर्टाचा हुकूम पुण्यात थेट बजावता येत नाही, त्याच्या आधारे इथं नव्याने दावा लावावा लागतो. लवादाचं कलम घाला. दोन्ही देश १९५८ च्या न्यूयॉर्क करारात आहेत, लवादाचा निवाडा इथं चालतो. ही वेळ येऊ नये, पण कलम वेळ यायच्या आधीच लिहायचं असतं. आणि भाऊ बिलावर १८ टक्के जीएसटी लावत असेल तर विचारा. परदेशी ग्राहकाला दिलेली सेवा निर्यातीच्या अटींत बसली, पैसे परकीय चलनात आले आणि त्याने एलयूटी हे जीएसटीचं हमीपत्र भरलेलं असलं, तर ती कर न लावता देता येते. नवशिक्या ऑफिसांना हे पुष्कळदा माहीत नसतं.

भावाला फोन कराल तेव्हा सुरुवात शिक्षकांपासून करू नका. ‘मी तुम्हाला नियम लिहून दिलेच नव्हते, ती चूक माझी’ इथून करा. खरं आहे ते, आणि तो खुर्चीत मागे टेकेल. मग पैशांच्या नव्या पद्धतीचं बोला, संमतीचं बोला, रिमोट डेस्कटॉपचं बोला. रोजचं काम बघायला ऑफिसातलं दुसरं कुणी तुमच्याशी जोडून द्यायला सांगा, म्हणजे रोजची चूक भावापाशी आणि तिथून मावशीपाशी पोहोचणार नाही. भावाशी महिन्यातून एकदा, फक्त हिशेबाचं.

आणि ती वही. तिच्यात तुमच्या क्लायंटची नावं आहेत, मुलांची कॉलेजं आहेत, कदाचित नंबरही आहेत. ती मुलगी प्रामाणिकच असणार, पण वही आज नेमकी कुठे आहे, हे भावाला पहिल्याच फोनमध्ये विचारा.